शेत सोडून गिरणीत गेलेल्या बाया

रविवारी सकाळी मी कोपरखैरण्यात आठवी-नववीच्या काही मुलामुलींना इतिहास शिकवतो. आठवडाभर कोड लिहून डोकं पिकतं, त्यावर हा उतारा. बरीचशी मुलं माथाडी कामगारांच्या घरची, गाव साताऱ्याकडचं. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की पुस्तकात यंत्रं असतात, शोध असतात, पण त्या यंत्रांपुढे उभी राहिलेली माणसं फारशी नसतात.

म्हणून मी अमेरिकेतल्या लॉवेलपासून सुरुवात केली. १८२० च्या दशकात तिथे कापडगिरण्या निघाल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या लग्नाआधीच्या मुली कामाला आल्या. राहायला कंपनीचं वसतिगृह, रात्री दहाला दार बंद. दिवस बारा-तेरा तासांचा, पण पगार स्वतःचा! १८३४ मध्ये पगार कापायची वेळ आली तेव्हा याच मुलींनी संप केला.

"मग सर, आपल्या मुंबईत पण अश्याच मुली आल्या का?" एकीने विचारलं.

प्रश्न फक्कड आहे, कारण उत्तर 'नाही' असं आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये काढली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसं येत गेली, पण आले ते मुख्यतः पुरुष. बायको गावी राहिली. शेती, सासू-सासरे, पोरं सगळं तिच्या अंगावर, आणि मुंबईहून मनीऑर्डर. १९११ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका फक्त ५३० च्या आसपास! म्हणजे गिरणगाव उभं राहिलं ते गावात राबणाऱ्या बाईच्या जिवावर. गिरणीचा पगार पूर्ण कुटुंबाला पुरेल एवढा द्यावा लागला नाही, कारण उरलेलं तिची शेती भागवत होती.

तरी बाया आल्याच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीकामगारांत साधारण पाचात एक बाई होती. त्यांत विधवा आणि टाकलेल्या बाया पुष्कळ होत्या. गावात आधार उरला नाही म्हणून निघालेल्या. काम मुख्यतः रीलिंग आणि वाइंडिंग खात्यात, तेही बहुतेक उक्तं, जितकं सूत तितका पैसा. भरती नायकिणीच्या हातात, तिची मर्जी राखायची. पाळणाघर नाही, म्हणून तान्ह्या पोराला अफूची गोळी देऊन झोपवायचं आणि कामावर जायचं. १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकश्यांत हे नोंदलेलं आहे. वर्गात हे सांगताना सगळे गप्प झाले होते.

पण या बाया नुसत्या बिचाऱ्या नव्हत्या. २४ एप्रिल १८९० ला नारायण मेघाजी लोखंड्यांनी महालक्ष्मीला सभा घेतली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, मागणी आठवड्याच्या सुट्टीची. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. त्याच वर्षी रविवारची सुट्टी मिळाली. आपण वीकेंड म्हणून जो मिरवतो ना, त्याच्या मुळाशी त्याही आहेत.

मग त्या गेल्या कुठे? १८९१ च्या कायद्याने बायकांचे तास अकरावर आणले, पुढे रात्रपाळी बंद झाली, १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाचा भत्ता आला. सगळे कायदे हवेच होते. पण मालकाने हिशोब केला: बाई महाग पडते, रात्री चालत नाही. त्यात नवीन यंत्रं आली, तिची खाती आटली. स्वातंत्र्यानंतर बायकांचं प्रमाण घसरतच गेलं. १९८२ च्या संपापर्यंत त्या जेमतेम उरल्या होत्या. कायदा वाईट नव्हता. त्याचा खर्च फक्त बाईला ठेवण्याशी जोडला गेला, ही खरी गोम. आजही मॅटर्निटी लीव्हच्या चर्चेत कुजबुज तीच असते, ऑफिसात कान देऊन ऐका.

गिरणीबाहेर फेकलेल्या बायांनी खानावळी चालवल्या, आणि गिरण्यांत राबणाऱ्या एकट्या पुरुषांना जेवू घातलं. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. आपल्या वाशीतही त्याचं काम पोचलंय.

मुलींना घर सोडून कामाला जाणं म्हणजे स्वातंत्र्य की सक्ती, असं एका शब्दात विचारलं की वर्गात दोन तट पडतात. मी उत्तर देत नाही. वहीत तीन प्रश्न लिहायला सांगतो: ती स्वतः निघाली की निघावं लागलं? पगार कोणाच्या हातात पडला? आणि परत जायला तिच्याकडे काही होतं का?

ऐरोली-घणसोलीत तीन-तीन जणी एका खोलीत पीजी राहून कंपनीत जाणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या मुलींनाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. एखादी तुमच्या शेजारच्या डेस्कवरच बसत असेल. विचारून बघा कधीतरी, चहा पिताना.