शुकशावक आणि नवें घर

शुकसारिकांना बोलावयास शिकविणें ही वात्स्यायनानें कामसूत्रांत सांगितलेल्या ६४ कलांपैकीं एक. पण श्रोते हो, बोलण्याआधीं पिलूं सांवरावें लागतें, हें सातव्या शतकांत बाणभट्टानें दाखविलें. त्याच्या ‘कादंबरी’त शबर वैशंपायन पोपटाच्या बापाला ठार करतो. तें पोरकें पिलूं तहानेनें व्याकुळ होतें. हारीत हा मुनिकुमार त्याला सरोवरावर नेतो, मुखांत जलबिंदु घालतो, कमलपत्राच्या छायेंत ठेवतो व नंतर आश्रमांत आणतो. आधीं जीवदान, मग निवारा. बोलण्याची घाई नाहीं.

शबर मात्र अजून संपलेले नाहींत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानांतला पोपट पकडणें वा पिंजऱ्यांत ठेवणें आज गुन्हा आहे. पडलेलें पिलूं सांपडल्यास सावलींत, शांत ठेवून वनखात्याच्या स्वाधीन करावें. त्याचें घर रानच.