सोळा बाय सोळाची भेग

"मामा, माझं अर्धं घर गेलं!" भाचा स्वयंपाकघरापर्यंत ओरडत आला. जाऊन पाहिलं तर खरंच. माइनक्राफ्टमधलं त्याचं दुमजली घर सुरीने पाव कापावा तसं उभं चिरलं होतं. अलीकडे जिना, पेटी, पलंग. पलीकडे कोरं गवत आणि त्यात एक डुक्कर. चीर वेडीवाकडी असती, तर मित्रांपैकी कोणी तरी फोडलं म्हणालो असतो. ही ओळंब्याने आखल्यासारखी सरळ होती.

या सरळ रेषेचं मूळ जुनं आहे. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने मे २००९ मध्ये हा खेळ लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यातलं जग लहान होतं, त्याला कडा होती. सर्व्हरवर येणाऱ्याला अख्खं जग एकदाच पाठवलं जाई. येईपर्यंत थांबायचं, आलं की खेळायचं. २०१० मध्ये जग अमर्याद झालं. अमर्याद जग एकदम पाठवणार कसं? म्हणून त्याचे तुकडे पडले: लांबी-रुंदीला सोळा-सोळा ठोकळे, उंचीला तळापासून माथ्यापर्यंत. हाच 'चंक'. सोळा हा दोनाचा घात, त्यामुळे कुठला ठोकळा कुठल्या चंकातला हे कॉम्प्युटरला नुसते चार बिट सरकवून कळतं.

आधी प्रत्येक चंकाची वेगळी फाइल असे. हजारो चिमुकल्या फाइली उघडता-मिटता डिस्क मेटाकुटीला येई. मग 'स्केव्होला' या टोपणनावाच्या एका हौशी प्रोग्रामरची 'मॅकरीजन' ही रचना फेब्रुवारी २०११ च्या बीटा १.३ मध्ये खेळानेच उचलली. ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ चंक एका फाइलीत. २०१२ च्या 'ॲनव्हिल'ने आतली मांडणी बदलली, गाठोडं तेवढंच ठेवलं. फाइलीच्या माथ्यावर ८ किलोबाइटांची सूची असते: अर्ध्या भागात कुठला चंक कुठे ठेवलाय ते, उरलेल्यात तो शेवटचा कधी लिहिला ते. तलाठ्याचं दप्तरच म्हणा. नोंद शाबूत तर घर तुमचं. नोंद गेली, की खेळ तो चंक कधी बनलाच नव्हता असं समजतो आणि मूळ बीजावरून नव्याने घडवतो. ते गवत असं आलं.

पण प्रत्येक भेग फाइलीतली नसते, आणि पोरं सरसकट एकच उतारा करतात: एफ३ धरून ए. त्याने चंक पुन्हा रेखाटले जातात, एवढंच. सर्व्हरला कोणी काही विचारत नाही. भोक चित्रातलं असेल तर बुजतं. भुताच्या ठोकळ्यांना हा मंत्र पुरत नाही. तुम्ही भिंत फोडता, तुमचा कॉम्प्युटर उत्तराची वाट न बघता ती पडलेली दाखवतो, सर्व्हर मात्र मान्य करत नाही. वाट मोकळी दिसते आणि पाऊल टाकलं की मागे फेकले जाता. तिथे बाहेर पडून परत यावं लागतं, म्हणजे सर्व्हरचं जग नव्याने हाती येतं. ऑगस्ट २०१२ च्या १.३ पासून एकट्याने खेळतानाही आत एक सर्व्हर चालतो, त्यामुळे ही भुतं एकट्यालाही भेटतात.

भाच्याने दोन्ही करून पाहिलं होतं. गवत हललं नाही. आदल्या रात्री खेळ चालू असतानाच लाइट गेली होती. नशिबाने रविवारची एक प्रत पेनड्राइव्हवर होती. खेळ बंद करून तेवढी एक फाइल बदलली आणि घर परत आलं, जिन्यापासून कौलांपर्यंत. फक्त एका फाइलीत ५१२ बाय ५१२ ठोकळ्यांचं शिवार मावतं. त्याच शिवारात त्याच्या मित्राने आठवडाभर खपून एक पूल बांधला होता. त्याचे आता रविवारचे दोन खांब उरलेत. मित्राला अजून सांगितलेलं नाही.