गोंडी-माडिया लेकरं आणि मराठी शाळा : शिक्षकाला दोन्ही भाषा का याव्यात?

भामरागड, एटापल्लीकडच्या आतल्या गावात पहिलीतल्या लेकराला गुरुजी म्हणतात, "पाणी आण." लेकरू नुसतं बघत राहतं. घरी पाण्याला 'एर' म्हणतात, 'पाणी' हा शब्द त्याने फारसा ऐकलेलाच नसतो. वर्षभर असंच चाललं की लेकरू अबोल आहे, कच्चं आहे असा शिक्का बसतो. पुढे शाळा सुटते ती बहुतेक इथूनच.

गडचिरोली जिल्ह्यात एक भाषा नाही. धानोरा, कोरची, कुरखेड्याकडे गोंडी, भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीत बंगालीही. गोंडी आणि माडिया या द्रविडी कुळातल्या, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळच्या. गोंडीत दोन म्हणजे 'रंड', चार म्हणजे 'नालुंग'. तेलुगूत 'रेंडु' आणि 'नालुगु'.

फरक फक्त शब्दांचा नाही. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगं. गोंडीत दोनच गट : पुरुष एकीकडे, आणि बाई, गाय, झाड, दगड सगळे दुसरीकडे. त्यामुळे "आई आलं" असं लेकरू बोललं तर ते आपल्या भाषेच्या नियमानेच बोलत असतं. हे ठाऊक असलेला शिक्षक हसत नाही, दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून समजावतो. पण डी.एड.ला हे शिकवणार कोण? तिथलं प्रशिक्षण मराठी येणारं मूल समोर धरूनच चालतं.

शेजारी हे आधी झालं आहे

१९४३ मध्ये निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाई गावी गोंड शिक्षण योजना सुरू झाली. मानववंशशास्त्रज्ञ हैमनडॉर्फ यांनी ती उभी केली. आपला राजुरा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. थोडंफार लिहिता-वाचता येणारी गोंड तरुण पोरं निवडली, त्यांनाच शिक्षक म्हणून तयार केलं, गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत छापली. राज्यांची फेररचना झाल्यावर तिथे तेलुगू आली आणि गोंडी मागे पडली. ऐंशी वर्षांपूर्वी जमलं ते आज अवघड का वाटावं, हा प्रश्न उरतोच.

ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. गोंडीच्या जवळची कोया त्यात आहे.

मोहगावची शाळा

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःचं गोंडी शिक्षण देणारं गोटूल सुरू केलं. मान्यता नसल्याने २०२२ मध्ये बंद करण्याची नोटीस आली. शिक्षण हक्क कायद्यात विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत आणि पुढे रोज दहा हजारांपर्यंत दंड आहे. प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. गंमत अशी की त्याच २००९ च्या कायद्याचं कलम २९ सांगतं, शक्य तोवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेत असावं. घटनेचं कलम ३५० अ सुद्धा प्राथमिक शिक्षणासाठी तेच सांगतं. देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख (जनगणना २०११), तरी आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. संथाली २००३ मध्ये गेली.

वर्गात काय चालतं

आधी लेकराच्या भाषेत गप्पा, गोष्ट, मोजणी. उंदी, रंड, मूंद म्हणत मोहफुलं मोजता आली की एक-दोन-तीन लवकर येतं. मग तीच गोष्ट देवनागरीत, त्याच्याच भाषेत वाचायची. मराठी सुरुवातीला तोंडी, लिहिणं नंतर. मराठी सोडायची असं कोणीच म्हणत नाही, तहसील आणि बाजार मराठीतच चालतो.

बाहेरून आलेल्या शिक्षकासाठी पहिली गुरू गावातली अंगणवाडी सेविका. तिच्याकडून रोज पाच शब्द वहीत उतरवले तरी वर्षात बरीच भाषा येते. फक्त वही त्याच गावच्या बोलीची हवी. धानोऱ्याची गोंडी आणि भामरागडची माडिया एक नाही. अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखीव पदांत २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने शिक्षकही आले, पण आदिवासी उमेदवाराला गावची बोली येतेच असं धरू नये. नेमणुकीआधी तोंडी चाचणी घ्यायला काय हरकत आहे?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच करते. 'आमच्या बोलीत बोलणारा शिक्षक हवा' ही मागणी त्या आराखड्यात लेखी घालता येते. ग्रामसभेचा ठराव जोडून एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी.