दावणीचा खर्च

माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, मग खूर, मग चार पावले चालवून चाल. रुमालाखाली बोटे धरून दर ठरतो. पण हातावर टाळी पडण्याआधी एक प्रश्न हमखास येतो : "खाण्यापिण्याला कसा हाय?" आमच्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा तिथला बाजार मी लहानपणापासून बघत आलो आहे. जनावराची किंमत एकदाच मोजायची असते, वैरण मात्र रोज टाकावी लागते. हे ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याची दावण लवकर रिकामी होते.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने मला विचारले, "काका, चार्जिंगची गाडी घ्यावी का?" तो लोह्याहून नांदेडला भाड्याने माणसे नेतो. त्यांत दवाखान्याला जाणारी जास्त. गाडी पेट्रोलची आणि जुनी झालेली. नवीसाठी कर्ज काढायचे त्याच्या मनात होते. माझे शिक्षण बारावीपर्यंतच. पण तीस वर्षे मी जुनी दप्तरे आणि वह्या चाळत आलो, म्हणून घरात अशा प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे असतात असा समज आहे.

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, काळी-पिवळी जीप मला आठवली. ती नव्वदच्या दशकात दारात आली आणि काही वर्षांतच गेली. जीप गेली, कर्ज राहिले, आणि कर्जापायी दोन एकर रान गेले. त्यामुळे पुतण्याचा प्रश्न मी यंत्राचा मानला नाही. आमच्या भागात वाहन पोसण्याचा खर्च कसकसा बदलत गेला ते आधी पाहावे, असे ठरवले.

सुरुवात घरातल्याच एका वहीने केली. आजोबांची ही वही मोडीत आहे आणि आकडे हाली रुपयांत. बैलजोडीची खरेदी तिच्यात एकदाच येते. बाकी पानोपानी कडबा, सरकी, पेंड, आसाचे वंगण, चाकाची धाव, बैलांना मारलेल्या पत्र्या. लोहा तेव्हा कंधार तालुक्यात होते, आणि या भागाचे जनावर म्हणजे लाल कंधारी. अशा बैलाला दिवसाकाठी आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो. जोडीचा वर्षाचा हिशेब सहा-सात टनांवर जातो. आकडा मोठा वाटतो, पण या इंधनाची खाण रानातच होती. ज्वारीच्या एकाच ताटाचे कणीस माणसाला आणि धांडा बैलाला. खाल्लेले शेणखत होऊन पुन्हा रानात.

या गाडीला दोन खोडी होत्या. बैल उभा असला तरी खातो. पावसाळ्यात चिखलाने वाट बंद पडली म्हणून त्याची वैरण थांबत नाही. दुसरी खोड दुष्काळाची. १९७२ साली महाराष्ट्रात माणसांच्या धान्याआधी जनावरांचा कडबा संपला. खडी फोडायला गेलेल्या माणसाला मजुरी तरी मिळत होती. बैलाला काय मिळणार? वडील सांगत, त्या वर्षी बाजारात विकणारेच उभे होते, घेणारा दिसत नव्हता. इंधन रानात पिकत असेल तर रानाचा दुष्काळ हाच गाडीचा दुष्काळ.

मुंबईतही हाच हिशेब मोठ्या मापाने चालला. तिथे १८७४ साली ट्रामगाड्या सुरू झाल्या त्या घोड्यांच्या, आणि कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. दर गाडीला एक किंवा दोन घोडे जुंपले जात. १९०५ साली ही सेवा संपली तेव्हा घोड्यांची संख्या १,३६० होती. ७ मे १९०७ रोजी त्याच शहरात विजेची ट्राम धावली. म्हणजे विजेचे वाहन महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईची पहिली पेट्रोल बस १९२६ ची. वीज पेट्रोल बसच्या एकोणीस वर्षे आधी मुंबईच्या रस्त्यावर आली होती.

दूरदेशीही क्रम असाच होता. १९०० च्या सुमारास अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींपैकी जवळपास तिसरा हिस्सा विजेवर चालत होता. त्या गाड्यांना आवाज नव्हता, धूर नव्हता, आणि हँडल मारून इंजिन सुरू करण्याचा त्रास नव्हता. पुढे टेक्सासात तेलाचे मोठे साठे लागले, १९०८ साली फोर्डची स्वस्त 'मॉडेल टी' आली, १९१२ साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडलही गेले. तरी माझ्या मते मोठे कारण आणखी एक होते. शहराबाहेर वीजच नव्हती. तेलाचा डबा मात्र कोणत्याही दुकानात पोचत होता. आपल्याकडेही खेड्यात विजेच्या तारा येण्याच्या कितीतरी आधी रॉकेलचे डबे आले होते. वैरण दारात कोण पोचवतो, यावर त्या वेळी वाहनाचे भवितव्य ठरले.

मराठवाड्यात मोटार आली ती निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. मुंबई राज्यातली एस.टी. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरला निघाली. मोटारीचा पहिला गुण लोकांच्या लगेच लक्षात आला : उभी असली की खात नाही. आणि बैलगाडीला दिवस लागायचा ते अंतर ती तासा-दीड तासात कापायची.

पण वैरण आता रानाबाहेर गेली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला शिधा लागला, तेव्हा देशभर मोटारींच्या मागे भट्ट्या बसवून त्या कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. आमच्याकडे कडब्याचा दुष्काळ नुकताच सरत होता, तोच हा तेलाचा दुष्काळ आला. पहिला निदान आभाळाकडे बघून ओळखता येत होता.

रोजच्या भावातही अंतराची किंमत असतेच. मुंबईहून नळाने तेल मनमाडजवळच्या पानेवाडीला येते आणि तिथून टँकरने परभणीकडे, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास. २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा राज्यात परभणीचे नाव आघाडीवर होते. नांदेडही फार मागे नव्हते. तेल तेच आणि राज्याचा करही तोच. वरचा पैसा वाटेचा. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे मीटरगेज रेल्वे झाली, तेव्हापासून बाहेरचा माल आमच्याकडे बहुतेक याच दिशेने येत आला आहे.

आता विजेकडे. भारतात विजेची मोटार बनवण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९९३ साली 'लव्हबर्ड' ही छोटी गाडी आली आणि विरून गेली. २००१ साली बंगळूरहून 'रेवा' आली, ती शहरातल्या हौशी लोकांपुरती राहिली. २०२० च्या जानेवारीत टाटांची विजेची नेक्सॉन बाजारात आली आणि या गाड्या तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या. १ जून २०२२ रोजी एस.टी.ची विजेवरची 'शिवाई' पहिल्यांदा धावली ती पुणे-अहमदनगर याच मार्गावर. चौऱ्याहत्तर वर्षांनी वाट तीच, वैरण वेगळी.

पण ही वैरणही दुष्काळमुक्त नाही. मराठवाड्याचे मोठे वीजकेंद्र परळीचे, १९७१ पासूनचे. औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणी लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचे सगळे संच बंद पडले. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पहिल्या खेपेत पाच लाख लिटर आले होते. त्याआधीच्या दशकातले भारनियमन तर कुणी विसरलेले नाही. पुतण्या शाळेत असताना त्याचा अभ्यास कंदिलावर होत असे. त्यामुळे "वीज म्हणजे फुकट" असे म्हणणाऱ्याला मी थांबवतो. राज्याची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. फरक इतकाच की तारेवरून येणाऱ्या विजेत परळी बंद पडली तर दुसऱ्या केंद्राची वीज मिसळता येते. कडब्याच्या दुष्काळात अशी सोय नव्हती.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही दोघे वही घेऊन बसलो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पेट्रोलगाडी तिच्यावर पंधरा किलोमीटर जाते, कारण बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. विजेची गाडी चार्जिंगमधली घट धरूनही एका युनिटला सहाएक किलोमीटर जाते, म्हणजे नऊ युनिटांत पन्नासच्या वर. अर्थात कोळशापासून वीज करताना वीजकेंद्रातही मोठी घट होते. पण तिचा हिशेब विजेच्या दरात आधीच आलेला असतो.

लोहा ते नांदेड पस्तीसेक किलोमीटर. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे १४० आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३,५०० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरले तर किलोमीटरला सात रुपये, महिन्याला २४,५००. विजेवर हेच अंतर सुमारे ५८० युनिटांत होते. इथे एक मेख आहे. घरगुती विजेचा दर वापराबरोबर पायरीपायरीने चढतो. पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि तीनशेच्या पुढचा दर यांत दुपटीहून जास्त अंतर आहे. गाडीची युनिटे घरच्या मीटरवर आली की ती वरच्या पायरीवरच बसतात. म्हणून आम्ही सहा रुपयांचा दर धरला नाही, पंधराचा धरला. तरी खर्च पावणेनऊ हजार होतो आणि महिन्याला पंधरा-सोळा हजार वाचतात. गाडीसाठी वेगळे मीटर घेतले तर दर वेगळा लागतो. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर मात्र युनिट घरच्याहून महाग पडते. रोजचे पोट त्यावर भरायचे ठरवले तर बचत आटते.

"म्हणजे घ्यावी," पुतण्या म्हणाला. मी त्याला आजोबांची वही पुन्हा दाखवली. विजेची गाडी पेट्रोलगाडीपेक्षा बैलाच्या जवळची आहे, असे मला हिशेब करताना जाणवले. चालण्याचा खर्च थोडा, पण दारात आणायचा खर्च मोठा. किमतीतला फरक तीन लाख धरला आणि तो कर्जाने भरला, तर हप्ता रोज दावणीला बांधलेला असतो. गाडी उभी असली तरी तो खातो. माझ्या भावाच्या जीपला डिझेलने मारले असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. जुने कागद काढून पाहिले तर डिझेलचा पैसा भाड्यातून निघत होता. पावसाळ्यात भाडे कमी झाले की हप्ता निघत नव्हता, आणि थकलेल्या हप्त्यावर व्याज चढत होते.

बॅटरीही बैलासारखीच वयाने थकते. बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी येईल तिथवर हमी देतात. पुतण्याचे किलोमीटर वर्षाला ४२,००० होतात. म्हणजे त्याची हमी आठ वर्षांची नाही, चार वर्षांच्याही आतली आहे. कर्ज सात वर्षांचे काढले तर शेवटची तीन वर्षे तो म्हाताऱ्या बैलाचे हप्ते भरत राहील. भाड्याच्या गाडीला हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेही सही करण्याआधी वाचायला हवे. त्याने कर्ज घेतलेच तर ते चार वर्षांचे घ्यावे आणि वाचलेले पंधरा हजार हप्त्यातच घालावेत, यावर आमचे एकमत झाले. उरलेले किलोमीटर मग निव्वळ त्याचे.

तो रोज चालवतो म्हणून त्याला हे गणित जमते. मी महिन्यातून दोनदा नांदेडला वाचनालयात जातो. माझ्या स्कूटरला त्यासाठी तीनेक लिटर पेट्रोल पुरते. मी विजेची नवी गाडी घेतली तर तिची किंमत माझ्या हयातीत वसूल होणार नाही. ज्याला रोज जुंपायचे आहे त्यानेच बैल घ्यावा, हे आजोबांच्या पिढीला माहीत होते.

एक गोष्ट मात्र मला मनापासून हवीशी वाटते. छतावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली तर दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज मिळते. केंद्राच्या २०२४ च्या योजनेत तिला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. दिवसा तारेत सोडलेली वीज रात्री गाडीत घेता येते. पुतण्याची निम्म्याहून जास्त गरज अशी भागेल. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रानातून उठून मनमाडपलीकडे गेलेली वैरण पुन्हा दारात येईल. अडचण एवढीच की आमच्या जुन्या घराचे छत माळवदाचे आहे. मातीच्या धाब्यावर पॅनेल पेलत नाहीत. पुढच्या स्लॅबच्या खोलीवर तीनशे चौरस फूट जागा निघते का, ते पुतण्याने परवा टेप धरून मोजले. थोडी कमी पडते.

गाडी अजून घेतलेली नाही. त्याने एक वही घातली आहे. रोजचे किलोमीटर, रोजचे भाडे आणि गाडी उभी राहिली ते दिवस तो तिच्यात लिहितो. श्रावणाची पाने बरीच कोरी आहेत. माळेगावच्या यात्रेपर्यंत वही भरू दे, मग टाळी देऊ, असे तो म्हणतो.