ताटातले सरकार : शहापूर-मुरबाडची दीडशे वर्षे

१/ लठ्ठपणाचा किंवा चुकीच्या आहाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, सरकारचा त्यात काय संबंध? ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या इतिहासाकडे याचे स्पष्ट उत्तर आहे. #धागा

२/ सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशा समाजांची ही वस्ती. सखल खाचरांत भात, डोंगरउतारावर नागली आणि वरई. पावसाच्या तोंडावर शेवळे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. ओढ्यातले मासे, खाचरातले खेकडे, रानातले करांदे आणि उन्हाळ्यात मोहाची फुले.

३/ हे ताट संपन्न नव्हते. कोठारातले धान्य संपले की अनेक घरांना कंदमुळांवरच दिवस काढावे लागत. पण ते विविध होते, आणि त्याचा मोठा भाग बाजारातून नव्हे, तर रानातून येत होता. म्हणून रानाविषयीचा प्रत्येक निर्णय हा ताटाविषयीचाही निर्णय ठरत होता.

४/ पहिला मोठा निर्णय १८७८ चा भारतीय वन कायदा. येथील शेती राबावर चाले : फांद्या, पालापाचोळा, शेण जमिनीच्या तुकड्यावर पसरून जाळायचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत भात-नागलीची रोपे वाढवायची. सरकारच्या दृष्टीने त्या फांद्या म्हणजे जंगलाची नासधूस होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पुढच्या वर्षीचे अन्न होते.

५/ ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब आणि जंगलावरील हक्क हे त्यातले कळीचे विषय. या चर्चेत आहार हा शब्द फारसा आला नसेल, पण तंटा ताटाचाच होता.

६/ दुसरा निर्णय अधिक थेट. मोहाचे फूल वाळवून, शिजवून, भाजून खाल्ले जाई आणि त्याची दारूही गाळली जाई. १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्य हे सरकारी महसुलाचे मोठे साधन बनले होते. घरोघरी गाळली जाणारी मोहाची दारू त्या महसुलाच्या आड येत होती.

७/ त्यातून १८९२ चा मुंबई मोहफूल कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांचा संग्रह आणि व्यापार परवान्याच्या कक्षेत गेला. बेकायदा दारू रोखणे हे सांगितलेले कारण. परिणाम असा की टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडणारे एक अन्न संशयित वस्तू बनले.

८/ त्याच १८९२ मध्ये शहापूर तालुक्यात तानसा धरण पूर्ण झाले आणि येथील पाणी मुंबईकडे वाहू लागले. पुढे मोडकसागर आणि भातसाही त्याच वाटेने गेले. मुंबईची तहान भागवणाऱ्या या तालुक्यातील अनेक पाडे आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. परसातली भाजी पाण्यावरच वाढते, हे वेगळे सांगायला नको.

९/ स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानले. दारूबंदीचे उद्दिष्टही त्याच अनुच्छेदात आहे. ताटात घालणे आणि ताटातून काढणे, राज्याच्या या दोन्ही प्रवृत्ती एकाच परिच्छेदात शेजारी बसल्या.

१०/ मोहफुलांवरचे नियंत्रण मात्र १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही टिकले. महाराष्ट्र शासनाने त्यांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले ते २०२१ मध्ये. १८९२ ते २०२१ : १२९ वर्षे.

११/ ताटात घालण्याचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा. १९७२ च्या दुष्काळातील सुकडी आणि आयात केलेली मिलो ज्वारी महाराष्ट्रातील जुन्या पिढीला आठवते. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. हमीभाव, खरेदी आणि रेशन या साखळीत तांदूळ आणि गहू केंद्रस्थानी आले.

१२/ २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रतिव्यक्ती दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. तेव्हाचे दर : तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया. भरडधान्य कायद्यात होते, दुकानातल्या पोत्यांत मुख्यतः तांदूळ-गहूच. ज्या डोंगरउतारावर नागली पिकत होती, तेथे ती पिकवण्याचे कारणच क्षीण झाले.

१३/ येथे न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. या धान्याने उपासमार रोखली, हे निर्विवाद आहे. १९७५ ची एकात्मिक बालविकास योजना आणि १९९५ चा शालेय पोषण आहार ही खरी पावले होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले जेवण द्यायला लावले, तर २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यातून कंत्राटदारांना वगळायला सांगितले. पण पोट भरणे आणि पोषण होणे यांतले अंतर कायम राहिले.

१४/ ते अंतर किती महाग पडते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो.

१५/ विशेष हे की या बारीक बाळांच्या शरीरात स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. गर्भातील कुपोषण पुढे मधुमेहाचा धोका वाढवते, अशी या संशोधनाची दिशा आहे. म्हणजे कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन परस्परविरोधी प्रश्न नाहीत. एकाच्या पोटी दुसरा जन्म घेऊ शकतो.

१६/ आकडे तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील अतिवजनी किंवा लठ्ठ स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली.

१७/ आता आग्रा महामार्गाने आणि माळशेज घाटाच्या रस्त्याने पाच रुपयांचे चमचमीत पाकीट पाड्यापाड्यांत पोचले आहे. रान दुरावलेले, नागली आटलेली, हातात मजुरीची रोकड. अशा ठिकाणी ते पाकीट विकत घेणाऱ्याला ‘तुझी निवड’ असे म्हणणे म्हणजे मागचा सगळा इतिहास पुसून टाकणे होय.

१८/ शासनाने काहीच केले नाही असेही नाही. २०१५ च्या अमृत आहार योजनेने आदिवासी भागातील गर्भवती आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा चौरस जेवण देऊ केले. मे २०१७ मध्ये राज्याने शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत अतिमेद, अतिसाखर, अतिमीठ असलेल्या पदार्थांची विक्री रोखली.

१९/ पण २०२२ च्या दिवाळीत त्याच राज्याने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला : रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. सणाचा गोडवा गरिबाच्या घरी पोचावा हा हेतू चांगला. तरीही एका हाताने साखर रोखायची आणि दुसऱ्याने वाटायची, यात आहाराचे धोरण कोणते?

२०/ एक आक्षेप मात्र रास्त आहे. ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून सरकार ताटात शिरले की काय होते, हे मोहफुलांनी दाखवले. म्हणून निर्बंधाचा रोख कोणाकडे, हे पाहणे अगत्याचे. १८९२ चा कायदा फुले वेचणाऱ्यावर होता. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर कर लावला आणि चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर काळे इशारे छापायला लावले, तेव्हा रोख उत्पादकाकडे होता. हा फरक लहान नाही.

२१/ दीडशे वर्षांत या दोन तालुक्यांतल्या ताटात सरकार नव्हते, असा काळ दाखवता येत नाही. वनखाते, अबकारी, धरण, रेशन, अंगणवाडी, शिधा : प्रत्येकाने त्यातले काही उचलले किंवा वाढले. मग आज त्या ताटाचे परिणाम शरीरावर दिसू लागले असता सगळी जबाबदारी खाणाऱ्यावर टाकणे इतिहासाला धरून नाही. ताटातला वाटा ज्याचा, जबाबदारीतला वाटाही त्याचा.