चाकोरी धरून : खानदेशातल्या जीपच्या अभ्यासाला प्रस्तावना

चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या स्टँडबाहेर उभे राहून ‘जीप कुठे लागते?’ असे विचारा. ज्या गाडीकडे बोट दाखवले जाईल ती बहुधा जीप नसेल. क्रुझर असेल, तुफान असेल, बोलेरो असेल, नाहीतर अजून धुगधुगी धरून असलेली एखादी कमांडर असेल. यातल्या क्रुझर आणि तुफान फोर्स मोटर्सच्या, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोच्या. जीप या नावाशी त्यांचे कागदोपत्री नाते काहीच नाही. पण विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला त्याने काही अडत नाही. जमिनीपासून उंच, मागे समोरासमोर बाकडी, टपावर कॅरिअर आणि डिझेलचा खडखडाट, एवढे जुळले की ती जीप.

या विषयात पाऊल टाकणाऱ्याने आधी हा गोंधळ मनापासून स्वीकारावा, अशी माझी विनंती आहे. जीप हा नोंदवलेला व्यापारी शब्द आहे आणि त्याचा मालक कुठल्याही काळात खानदेशात राहिलेला नाही. ती मूळ नाममुद्रा भारतात स्वतःच्या पायांनी आली ती अगदी अलीकडे. २०१७ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात तिच्या गाड्या बनू लागल्या, तोवर आपल्याकडे तीन पिढ्या जीपमध्ये बसून लग्नाला जाऊन आल्या होत्या. उलट बाजूने महिंद्राची रॉक्सर अमेरिकेत विकायला गेली, तेव्हा ती जुन्या जीपसारखी दिसते म्हणून २०१८ मध्ये तिथे तक्रार झाली आणि शेवटी गाडीचा चेहरा बदलावा लागला. नावावरून आणि जाळीवरून भांडणे हा कंपन्यांचा धंदा आहे. आपला विषय कंपनीच्या दारातून गाडी बाहेर पडल्यावर सुरू होतो.

तरी जन्मकथा थोडक्यात सांगायला हवी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती आणि नमुना द्यायला मुदत होती ४९ दिवसांची. बँटम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या दारात उभी केली. मोठे कंत्राट मात्र विलीज आणि फोर्डकडे गेले; महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजने हीच गाडी शेतकऱ्याला विकायला काढली. नांगर ओढते, पंप चालवते, रविवारी चर्चला नेते, असा तिचा गाजावाजा होता.

भारतात तिला आणणारी कंपनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झाली आणि तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. इकडे पाटीवरचा एक ‘एम’ तसाच राहिला आणि त्याचा अर्थ तेवढा बदलला. मुंबईत माझगावला सुट्या भागांची जोडणी सुरू झाली, १९५४ मध्ये विलीजबरोबर इथेच गाडी बनवण्याचा करार झाला. त्याआधीचा स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच होता, १९४८ चा, लष्करासाठी विलायतेतून मागवलेल्या जुन्या जीपगाड्यांचा. म्हणजे ही गाडी आपल्या सार्वजनिक जीवनात शिरली ती लष्कर, शेती आणि संशय असे तिन्ही घेऊनच.

आता खानदेश. तापीचे खोरे, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याची रांग. इथे वाहनाला दोन अगदी वेगळ्या जमिनींशी सामना करावा लागतो. डोंगराकडच्या तालुक्यांत, रावेर-यावल-चोपडा-शिरपूरच्या वरच्या अंगाला, दगडगोटे, नाले आणि चढ. खाली नदीकाठी काळी माती. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचे कण असतात. पाणी प्याले की ते फुगतात, उन्हात आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल अशी भेग आणि आषाढात लोण्यासारखा चिखल. हा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये थापला जातो आणि चाक फिरायचेच थांबते. अशा वेळी चारही चाकांना दिलेला जोर चारही चाके रुतवायच्या कामी येतो. केळीच्या शिवारात वाढलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. शहरातून येणाऱ्या अभ्यासकाला मात्र सांगावे लागते.

इथेच मला या क्षेत्राचा मूळ प्रश्न दिसतो. जगभर या गाड्यांचे आकर्षण सांगताना ‘रस्ता सोडून जाण्याची मोकळीक’ असे सांगितले जाते. रस्ता सोडण्यासाठी आधी रस्ता असावा लागतो. बैलगाडीच्या चाकांनी वर्षानुवर्षे कापलेली वाट म्हणजे चाकोरी, आणि खानदेशातल्या बऱ्याच गावांना कित्येक वर्षे तोच रस्ता होता. आपल्या भाषेत चाकोरी सोडण्याला धाडसाचा वास आहे. पण जीपचा ड्रायव्हर चाकोरी सोडत नव्हता. तो एक चाक चाकोरीच्या काठावर आणि दुसरे मधल्या गवताच्या पट्ट्यावर ठेवून ती धरून चालत होता, कारण खालचा भाग घासायला नको होता आणि पलीकडे काय आहे हे बैलांना आधी कळलेले होते. इथल्या जीपचा इतिहास हा रस्त्यापासून सुटण्याचा मानला तर काहीच हाती लागत नाही. तो रस्त्याची वाट पाहण्याचा इतिहास आहे.

पहिली जीप बहुतेक गावांनी पाहिली ती सरकारची. त्याआधी साहेब घोड्यावर येत असे. १८२५ पासून जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, धरणगाव हे तिचे ठाणे झाले. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. जमाबंदी म्हणजे घोडा, तंबू आणि चार दिवसांचा मुक्काम. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, विकास गट आले आणि गटाबरोबर जीप आली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या, जीपगाड्या वाढल्या. त्यांच्यासोबत मुक्काम संपला. साहेब सकाळी येऊन दुपारी परतू लागला. शासन जवळ आले की लांब गेले, याचे उत्तर देताना जरा थांबावे. रात्रीच्या मुक्कामात पाटलाच्या ओट्यावर जे बोलणे होई, ते इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीपाशी होत नाही. १९७२ च्या दुष्काळात मात्र खडी फोडणाऱ्या माणसांना दूरवर दिसणारा धुळीचा लोट म्हणजे हजेरी, पगार किंवा काम बंद, यांपैकी काहीतरी एक असे. त्या पिढीतली माणसे अजून आहेत. त्यांना गाडीचे मॉडेल विचारू नका. धूळ दिसल्यावर पोटात काय व्हायचे ते विचारा.

सरकारी जीप खाजगी कशी झाली, या प्रकरणाची गुरुकिल्ली डिझेल आहे. मूळचे पेट्रोल इंजिन तहानलेले. ते सरकारला परवडे, बागायतदाराला नाही. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि पुढे त्याच ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजिन जीपमध्ये बसले. यंत्र म्हणून ते काही देखणे नव्हते. हात स्टिअरिंगवर ठेवला की दात वाजत. पण ज्या मिस्त्रीने आयुष्यभर ट्रॅक्टरचे नोझल साफ केले, त्याला जीपचे बॉनेट उघडल्यावर ओळखीचा चेहरा दिसला. माझ्या मते खानदेशात या गाडीचे बस्तान बसले ते या ओळखीमुळे. तिचा पाटा तुटला तर लोहाराकडे जाता येई; पट्टा तुटला तर विहिरीवरच्या इंजिनाचा चालतो का, हे आधी बघितले जाई. मजबूत गाडी म्हणजे न मोडणारी गाडी, ही शहराची व्याख्या झाली. गावाकडे मजबूत गाडी म्हणजे मोडली तर संध्याकाळपर्यंत उभी राहणारी. पुढे प्यूजोच्या परवान्याचे डिझेल आले, मग एमएम ५४०, मग १९९० च्या दशकात कमांडर आणि आर्माडा.

या नावांच्या यादीत एक गोष्ट सहज सुटते. गाडी लांब होत गेली. युद्धातल्या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ८० इंचांचे अंतर होते, चार शिपाई बसत. आपल्याकडे तिची चेसिस ताणली गेली, मागे लोखंडी टप आला, दोन बाकडी आली. कारण तिला ओझे ओढायचे नव्हते, माणसे न्यायची होती. एसटी १ जून १९४८ ला सुरू झाली आणि तिने महाराष्ट्राचे खेडे जोडले हे खरेच. पण एसटी फाट्यावर सोडते आणि फाट्यापासून पाडा आठ-दहा किलोमीटर असतो. ती फट काळी-पिवळीने भरली. पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात, तीच आपल्याकडे काळी-पिवळी. स्टँडवर तिची भाषा ऐकण्यासारखी असते. तिथे माणसाला सीट म्हणतात. ‘दोन सीट बाकी’ म्हणजे दोन जागा रिकाम्या, आणि ‘तीन सीट उतरले’ म्हणजे तीन माणसे. बाजाराच्या दिवशी आत बारा, ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला एक, मागच्या पायरीवर तीन, टपावर कोंबड्यांची पाटी आणि तिचा मालक. मी लहानपणी चोपडा ते लासूर हे अंतर कितीदा तरी एका अनोळखी आजीच्या मांडीवर बसून काटले आहे. तिने माझे नाव विचारले नाही, फक्त कुणाचा म्हणून विचारले.

वर्तमानपत्रे याला अवैध प्रवासी वाहतूक म्हणतात आणि कायद्याने ते बरोबर आहे. टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेण्याचा अधिकार एसटीचा; काळी-पिवळीचा परवाना ठरवून भाड्याने जाण्याचा. कोंबून भरलेली गाडी घाटात उलटते तेव्हा जे घडते त्याचे कौतुक करण्याचा मोह कुणी करू नये; गरजेतून आलेले सगळेच काही साजरे करण्यासारखे नसते. पण २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा सरकारनेच अधिसूचना काढून खाजगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. जे काल अवैध होते ते काही महिने वैध झाले. कायदा, गरज आणि भाडे यांचा इतका उघडा प्रसंग समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुन्हा लवकर मिळणार नाही.

बोलेरो २००० साली आली. ती बनते नाशिकला, धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने दीडशे-एक किलोमीटरवर. गंमत अशी की दणकट गाडी म्हणून जिचे नाव घेतले जाते त्या बोलेरोच्या विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्यांत जोर फक्त मागच्या दोन चाकांना असतो. मागे पाटे, खाली मोकळी जागा आणि चौकोनी अंग. काळ्या मातीने काय शिकवले ते लक्षात असेल, तर यात आश्चर्य वाटायला नको. लांबी चार मीटरच्या आत आणली की कर कमी लागतो म्हणून तिचे नाक-शेपूट छाटले गेले, तेही गिऱ्हाइकाने मुकाट मान्य केले. सातवी सीट शाबूत होती ना!

आणि थार. २०१० ला आली, २०२० ला नव्या रूपात आली, आणि आज जळगावच्या रिंगरोडवर तिच्या चाकांचे रबर अजून काळेभोर असते. जुन्या जीपवाल्यांना तिचे हसू येते. मी हसण्याच्या बाजूने नाही. तिच्या तीन दारांच्या रूपात मागच्या सीटसाठी वेगळे दार नाही, आत चौघेच बसतात. म्हणजे गाडी पुन्हा १९४० च्या मापावर गेली. पण ती नवरदेवाला पारण्याच्या मिरवणुकीत नेते तेव्हा वऱ्हाड मागून क्रुझरमध्येच येत असते. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोडे विकले जातात, आणि त्यांतल्या फार थोड्यांना कुणी शेतात जुंपणार असते. ज्याच्यावर एकटाच बसतो आणि ज्याला सगळे बघतात, असे वाहन प्रत्येक काळाला लागते. त्याचाही अभ्यास व्हावा, मात्र घोड्याच्या शेजारी ठेवून.

साधने कुठे शोधावीत? परिवहन कार्यालयाच्या नोंदी घ्या: एमएच १८ धुळे, एमएच १९ जळगाव, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाल्यावर आलेला एमएच ३९. तोरणमाळ, धडगावचा रस्ता त्याआधी धुळ्याचाच होता, हे तक्ते करताना विसरू नये. पंचायत समितीच्या लॉगबुकात कोणत्या गावी गाडी किती वेळा गेली ते असते. कोणत्या गावी कधीच गेली नाही, तेही त्याच लॉगबुकात असते. लग्नाचे जुने अल्बम बघा, त्यात वधूवरांच्या मागे बहुधा एक बॉनेट दिसते. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाच्या परंपरेत वाढलेल्यांना मोडी कागद सवयीचे आहेत. मला त्यांना गॅरेजच्या भिंतीही वाचायला लावायच्या आहेत, जिथे खडूने उधारी लिहिलेली असते. जळगावच्या विद्यापीठातल्या मुलांना अहिराणी येते, हे त्यांचे खरे भांडवल आहे. ड्रायव्हर प्रमाण मराठीत मुलाखत देतो आणि अहिराणीत खरे सांगतो.

सुरुवात करायची तर बाजाराचा दिवस गाठा. सकाळी सहाला स्टँडबाहेर पहिल्या नंबरची गाडी लागलेली असते. वही खिशातच राहू द्या आणि आधी मागच्या बाकड्यावर जाऊन बसा. गाडी भरेपर्यंत हलणार नाही. तेवढ्या वेळात शेजारी कोण बसले, कुणाचे कोण दवाखान्यात आहे, कापसाचा भाव काय निघाला आणि पाड्यावरचा पूल वाहून गेल्यावर गाडी आता कुठून वळते, हे सगळे कळलेले असते. आणि क्लीनर दार आपटून ओरडतो ते तुमच्यासकट सीट मोजून झाल्यावरच.