डोळ्यामागची सूज: दाह की जंतुसंसर्ग?

हातकणंगले हे मिरज–कोल्हापूर लोहमार्गावरील स्थानक. हा मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि तीनच वर्षांनी मिरजेत विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय उघडले. त्या काळी इथून एखादा रुग्ण सुजून बाहेर आलेला डोळा घेऊन आगगाडीने मिरजेस गेला असता, तर डॉक्टरांपुढे आजच्या आपत्कालीन कक्षातलाच प्रश्न उभा राहिला असता: ही सूज जंतूंमुळे आहे, की शरीराच्याच प्रतिकारशक्तीने पेटवलेल्या दाहामुळे?

मात्र तेव्हा उत्तर चुकले तरी औषधात फारसा फरक पडत नव्हता, कारण दोन्हींवर प्रभावी औषधच नव्हते. पू झाला तर चिरा देत. १९०५ मध्ये जर्मन नेत्रवैद्य बर्च-हिर्शफेल्ड यांनी डोळ्याच्या खोबणीतल्या अशा सुजेचे वर्णन केले, जी बाहेरून गाठ भासे आणि आत निघे तो केवळ दाह.

खरा पेच औषधांनी आणला. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन आले. कॉर्टिझोनच्या संशोधनाला १९५० मध्ये नोबेल मिळाले. स्टेरॉइडने दाह एक-दोन दिवसांत इतका ओसरे, की तो ओसरणे हाच निदानाचा पुरावा मानला जाऊ लागला. माझ्या मते हा या इतिहासातला सर्वांत मोहक सापळा होय; जंतुसंसर्गाची लालीही स्टेरॉइडने काही काळ दबते आणि आत जंतू वाढत राहतात. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला आणि खोबणीत डोकावता येऊ लागले. संसर्ग बहुधा शेजारच्या सायनसमधून, कागदासारख्या पातळ हाडाची भिंत ओलांडून येतो. नुसत्या दाहात सायनस बहुधा स्वच्छ, आणि सुजलेले असतात ते डोळ्याचे स्नायू किंवा अश्रुग्रंथी. ताप असेलच असे नाही.

तापाच्या अभावावर विसंबणे किती घातक, हे २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. कोविड, मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले आणि म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे हिरावले. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडते. ऊती मरतात, पण लाली व ताप कधी कधी बेताचाच. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. मुंबईच्या प्लेगसाठी केलेला तोच हा कायदा!

म्हणून असा डोळा समोर आला की आधी रक्तातली साखर, मग दुर्बिणीने नाकाची तपासणी. काळी खपली दिसली तर तिथला तुकडा पोटॅश टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. बुरशीचे रुंद तंतू त्याच दिवशी दिसू शकतात. ते दिसले, की अँफोटेरिसिन आणि तातडीची शस्त्रक्रिया, स्टेरॉइड नव्हे.